रेग्लाच्या सावळ्या माऊलीच्या दारी
क्युबातील आफ्रिकी वारसा आणि आपली श्रद्धा

हवाना शहराच्या खाडीतून एक छोटी होडी दिवसभर ये-जा करते. पलीकडच्या काठावर रेग्ला नावाचे गाव आहे आणि धक्क्यापासून काही पावलांवर पवित्र मारियेचे एक जुने मंदिर. आम्ही आत गेलो तेव्हा मिस्सा सुरू झाली होती. वेदीवरील माऊलीचा चेहरा काळासावळा होता, वस्त्र निळे होते आणि तिच्या हातातील बाळ येशू मात्र गोरा होता. शेवटच्या बाकामागे एक तरुणी उभी होती. डोक्यावरच्या रुमालापासून पायातल्या बुटांपर्यंत ती पांढऱ्या शुभ्र वेशात होती, मनगटात रंगीत मण्यांच्या माळा होत्या. ती आपल्याबरोबर क्रूसाची खूण करीत होती, प्रार्थनांना उत्तरे देत होती. आमच्या सोबत्याने हळूच सांगितले, "ती सान्तेरिया पंथाची नवदीक्षित आहे. वर्षभर तिला पांढरेच कपडे घालावे लागतात."

ती तेथे का उभी होती? तिने तेथे असावे की नसावे? हे दोन प्रश्न आमच्याबरोबर दहा दिवस राहिले.

आम्ही म्हणजे कॅनडातील एका विद्यापीठात शिकणारे, मूळचे वसई परिसरातील तीन कॅथलिक विद्यार्थी. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या वर्गाची अभ्याससहल क्युबाला गेली. विषय होता आफ्रिकी वंशाच्या क्युबन लोकांची कला, धर्म आणि वारसा. घरी फोनवरून ही बातमी कळवली तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली ती अशी : "जादूटोण्याच्या देशात कशाला जाता? आणि तेही आगमनकाळात?" घरच्यांचा प्रश्न प्रेमापोटी होता. त्याचे उत्तर फोनवर देता आले नाही, म्हणून हा लेख.

साखर आणि साखळदंड

क्युबातील आफ्रिकी श्रद्धा समजून घ्यायच्या, तर आधी साखर समजून घ्यावी लागते. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश लोक आफ्रिकेतून गुलाम आणत होते. पण त्यांची संख्या प्रचंड वाढली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७९१ साली शेजारच्या हैतीमध्ये गुलामांनी बंड केले आणि तेथील साखर-उद्योग कोसळला. ती बाजारपेठ क्युबाच्या जमीनदारांनी काबीज केली. उसाचे मळे वाढले, चरक वाढले आणि त्या चरकांसाठी माणसे लागली. एकूण सुमारे आठ लाख आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून या बेटावर आणली गेली. १८२० पासून हा व्यापार कायद्याने बंद होता, तरी १८६० च्या दशकापर्यंत तो चोरून चालूच राहिला. गुलामगिरीचा पूर्ण अंत व्हायला १८८६ साल उजाडावे लागले.

मातान्सास प्रांतातील त्रियुनविरातो या मळ्याची जागा आम्हांला दाखवण्यात आली. तेथे नोव्हेंबर १८४३ मध्ये गुलामांनी उठाव केला होता आणि कार्लोता नावाची एक आफ्रिकी स्त्री त्याच्या अग्रभागी होती. हंगामात तेथे चरक रात्रंदिवस फिरत असत. क्युबातील अनेक साखर-कारखान्यांना संतांची नावे होती, हे ऐकून आम्हांला मान खाली घालावी लागली. स्पॅनिश कायद्याने गुलामांना स्नानसंस्कार आणि धर्मशिक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. म्हणजे ज्या हातांनी साखळदंड घातले, त्याच हातांनी त्यांना पवित्र पाण्यापाशी आणले. या इतिहासाकडे डोळेझाक करून क्युबाच्या श्रद्धेविषयी काही बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

ख्रिस्तसभेतही या प्रश्नावर दोन प्रवाह होते. १४५२ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा दिली. १८३९ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. क्युबात फादर फेलिक्स व्हारेला या हवानाच्या धर्मगुरूंनी १८२० च्या दशकात स्पेनच्या संसदेसाठी गुलामगिरी नष्ट करण्याचा प्रस्ताव तयार केला. त्यांना देशोधडीला लागावे लागले आणि १८५३ साली परदेशातच त्यांनी देह ठेवला. २०१२ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' ही पदवी दिली. फेब्रुवारी १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेनेगलमधील गोरे बेटावर, जेथून गुलामांची जहाजे सुटत, ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली.

काबिल्दो : परक्या भूमीतले घर

शहरांतील आफ्रिकी लोकांना एक सवलत होती. एकाच प्रदेशातून आलेल्यांना आपली मंडळे स्थापन करता येत. त्यांना 'काबिल्दो' म्हणत. आजारपणात मदत, मृताचे दफन, वर्गणी जमवून एखाद्याचे स्वातंत्र्य विकत घेणे ही त्यांची कामे. प्रत्येक काबिल्दोला एक आश्रयदाता संत असे. सणाच्या दिवशी ढोल वाजत, नृत्य होई आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, हवानाच्या रस्त्यांवर त्यांची मोठी मिरवणूक निघे.

१७५५ साली क्युबाचे बिशप मोरेल दे सांता क्रूझ यांनी हवानातील अशा २१ काबिल्दोंची नोंद केली. त्यांनी ती बंद पाडण्याचा मार्ग धरला नाही. ते स्वतः तेथे गेले, दृढीकरण संस्कार दिला, प्रत्येक घरात मारियामातेची प्रतिमा ठेवण्याची आणि धर्मगुरू पाठवण्याची व्यवस्था केली. लोकांना त्यांच्या घरात जाऊन भेटावे, असे या बिशपांना वाटले. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठीतून 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले, त्यामागेही हीच वृत्ती होती. मात्र काबिल्दोच्या भिंतीआड जे घडले ते बिशपांच्या अपेक्षेहून अधिक गुंतागुंतीचे होते.

संत आणि ओरिशा

आजच्या नायजेरिया आणि बेनिन या देशांतून आलेल्या योरुबा लोकांना क्युबात 'लुकुमी' म्हणत. त्यांच्या श्रद्धेनुसार ओलोदुमारे हा एकच परमनिर्माता आहे. त्याच्या खालोखाल ओरिशा नावाच्या अनेक शक्ती आहेत आणि निसर्गाचा व माणसाच्या जीवनाचा एकेक भाग त्या सांभाळतात. क्युबात या ओरिशांची आणि कॅथलिक संतांची सांगड पडली. समुद्राची माता येमाया हिला रेग्लाच्या निळ्या वस्त्रातील माऊलीत पाहिले गेले. गोड्या पाण्याची ओचून हिला कोब्रेच्या मातेत. वीज आणि ढोल यांचा स्वामी चांगो याला, लाल वस्त्रातील संत बार्बरामध्ये. रोग देणारा आणि बरा करणारा बाबालू आये याला संत लाजरसमध्ये. या परंपरेला तिचे अनुयायी 'रेग्ला दे ओचा' म्हणतात. 'सान्तेरिया', म्हणजे संतांचा पंथ, हे नाव अधिक रूढ आहे.

पूर्वी असे समजले जाई की संतांच्या प्रतिमा हा केवळ मुखवटा होता. मालकाला फसवण्यासाठी गुलाम संतापुढे गुडघे टेकत आणि मनात ओरिशाला आळवत. यात काही तथ्य आहे. परंतु आम्ही ज्यांना भेटलो त्यांच्याबाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे पडते. चाबूक जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ते मिस्सेला येतात, नोव्हेना करतात, मुलांना स्नानसंस्कार देतात. परंपरेप्रमाणे सान्तेरियाची दीक्षा घेणारी व्यक्ती आधी स्नानसंस्कार घेतलेली असावी लागते, आणि दीक्षेनंतर तिला ख्रिस्तमंदिरात आणले जाते. रेग्लाच्या त्या तरुणीचे कोडे येथे उलगडले. ती मंदिरात लपूनछपून आली नव्हती. तिच्या दृष्टीने ते तिचेच घर होते.

ख्रिस्तसभेची भूमिका काय? ती स्पष्ट आहे. परमेश्वर एकच, त्याच्याखेरीज कोणाची आराधना नाही. संत हे देव नाहीत. ते आपल्यासाठी विनवणी करतात. कौल लावणे, भविष्य पाहणे, प्राण्यांचा बळी देणे यांना आपल्या श्रद्धेत स्थान नाही, कारण प्रभू येशूने क्रूसावर एकदाच आणि सर्वांसाठी बलिदान केले. त्याच वेळी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही. या दोन गोष्टी एकत्र पाळणे पुस्तकात सोपे वाटते. प्रत्यक्षात ते कसे असते याचा अनुभव आम्हांला लवकरच आला.

अंगणातील ढोल

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हवानातील कायेहोन दे हामेल या अरुंद गल्लीत आम्ही गेलो. चित्रकार साल्व्हादोर गोन्सालेस यांनी १९९० पासून या गल्लीच्या भिंती ओरिशांच्या चित्रांनी रंगवल्या. तेथे दुपारी रुंबा रंगला. बंदरातील हमालांनी, ढोलांवर बंधने असताना, मालाची रिकामी लाकडी खोकी वाजवून हा नाद जिवंत ठेवला होता. २०१६ साली युनेस्कोने रुंबाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

राष्ट्रीय कलासंग्रहालयात विफ्रेदो लाम यांचे 'खुर्ची' हे १९४३ चे चित्र पाहिले. घनदाट हिरवाईत एक साधी खुर्ची आणि तिच्यावर फुलदाणी. लाम यांचे वडील चिनी होते, आईच्या वंशात आफ्रिकी रक्त होते आणि त्यांची धर्ममाता सान्तेरियाची पुजारीण होती. बेल्किस आयोन या चित्रकर्तीची करड्या-काळ्या ठशांची चित्रे तर विसरता येत नाहीत. १८३६ मध्ये रेग्लातच स्थापन झालेल्या आबाकुआ या केवळ पुरुषांच्या गुप्त मंडळाच्या कथा तिने रेखाटल्या. तिच्या चित्रांतील माणसांना डोळे आहेत, तोंड नाही. १९९९ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिचे निधन झाले.

या वारशाकडे पाहण्याची दृष्टी बदलणाऱ्या विद्वानाचे नाव येथे सांगितलेच पाहिजे. फर्नांदो ओर्तिझ यांनी १९०६ साली आपल्या एका सुरुवातीच्या पुस्तकात आफ्रिकी श्रद्धांकडे गुन्हेगारीचा एक प्रकार म्हणून पाहिले होते. परंतु ते ऐकत राहिले, शिकत राहिले. १९३६ साली पवित्र मानल्या जाणाऱ्या बाता ढोलांचा नाद त्यांनीच प्रथम जाहीर सभागृहात लोकांना ऐकवला, आणि १९४० मध्ये दोन संस्कृती एकमेकींना कशा बदलतात यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. मत बदलण्यात कमीपणा नसतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

मंगळवारी एका घरच्या ढोलसेवेचे आमंत्रण आले. वर्गातील इतरांना तो अभ्यासाचा भाग होता. आम्हां तिघांना तो विवेकबुद्धीचा प्रश्न होता. आदल्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. एकाचे म्हणणे, जाऊच नये. दुसऱ्याचे, न जाणे हा यजमानांचा अपमान. शेवटी आम्ही ठरवले की पाहुणे म्हणून जाऊ, अंगणात बसू, ऐकू. पण कोणत्याही विधीत भाग घेणार नाही.

तीन बाता ढोल होते. आपल्या पखवाजासारखे आडवे मांडीवर घेऊन दोन्ही तोंडांनी वाजवायचे. सर्वांत मोठ्या ढोलाला 'इया' म्हणतात, म्हणजे आई. आई बोलते आणि लहान दोघे उत्तर देतात. घराच्या एका कोपऱ्यात जुन्या फोटोंशेजारी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. मध्येच वीज गेली, तरी ढोल थांबले नाहीत. कोणीतरी दोन मेणबत्त्या लावल्या. पाला अंगावरून फिरवून शुद्धी करण्याची वेळ आली तेव्हा आम्ही हात जोडून नम्रपणे नकार दिला. यजमानीण बाई वयस्क होत्या. त्यांनी कारण विचारले. आम्ही कॅथलिक आहोत, असे सांगताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मीही!" त्यांना राग आला नव्हता. निघताना त्यांनी आम्हांला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा वर्षभरापूर्वी देश सोडून गेला होता. २०२१ नंतर लाखो क्युबन लोक असेच गेले आहेत. तुम्ही कोब्रेला जाणार आहात, तर तेथे माझ्या मुलासाठी एक मेणबत्ती लावाल का, एवढेच त्यांनी विचारले.

कोब्रेची प्रीतिमाता

हवानाहून सान्तियागोपर्यंत बसने रात्रभराचा प्रवास आहे. तेथून जवळच डोंगरात, तांब्याच्या खाणीशेजारी, एल कोब्रेचे तीर्थमंदिर उभे आहे. १६१२ च्या सुमारास नीपेच्या उपसागरात मीठ आणायला तिघे जण होडीतून निघाले होते : रोद्रिगो आणि हुआन दे ओयोस हे दोघे मूळनिवासी भाऊ आणि हुआन मोरेनो हा दहा वर्षांचा काळा गुलाम मुलगा. पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर त्यांना मारियामातेची लहानशी मूर्ती दिसली. आपण प्रीतीची कुमारी आहोत, असे त्या फळीवर लिहिले होते. हे सारे आपल्याला कळते ते हुआन मोरेनोच्याच साक्षीतून. १६८७ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्याने ती चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे शपथेवर दिली आणि तो दस्तऐवज स्पेनमधील सेव्हिल येथे जतन केलेला आहे.

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करावा. एका देशाच्या आश्रयदात्या मातेची पहिली साक्ष एका गुलाम मुलाची आहे. खाणीत राबणारे तेथील लोक पुढे राजाचे गुलाम ठरले. १७३१ मध्ये त्यांनी बंड केले आणि १८०१ मध्ये, साऱ्या क्युबाच्या पंच्याऐंशी वर्षे आधी, ते स्वतंत्र झाले. हे सर्व माऊलीच्या मंदिराच्या सावलीत घडले. स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विनंतीवरून पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१६ साली तिला क्युबाची आश्रयदाती घोषित केले. जानेवारी १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सान्तियागो येथे तिला मुकुट अर्पण केला. २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस तिच्या चरणी आले. तिचा सण ८ सप्टेंबरला असतो. त्याच दिवशी आपणही मारियामातेचा जन्मोत्सव साजरा करतो.

रस्त्याच्या कडेला सूर्यफुलांचे गुच्छ विकायला होते. पिवळा हा तिचा रंग, आणि ओचूनचाही. मंदिरात नवसाच्या वस्तू मांडलेल्या होत्या : कुबड्या, पदके, खेळाडूंचे सदरे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी आपले नोबेल पदकही या मातेलाच अर्पण केले होते. आम्ही त्या आईची मेणबत्ती लावली. तिने ती कोणाला पाठवली होती, मारियेला की ओचूनला, हे आम्हांला ठाऊक नाही. आम्ही ती पवित्र मारियेपुढे ठेवली आणि त्या मुलासाठी जपमाळेचे एक दशक म्हटले. आमच्या मते आमचे काम तेवढेच होते.

लाजरसच्या वाटेवर

१६ डिसेंबरच्या रात्री हवानाच्या दक्षिणेकडील एल रिंकोन या गावाकडे हजारो माणसे चालत निघतात. तेथे संत लाजरसचे तीर्थमंदिर आहे आणि शेजारी कुष्ठरोग्यांचे रुग्णालय. ख्रिस्तसभा तेथे बेथानीच्या लाजरसचा, पुढे बिशप झालेल्या संताचा, मान राखते. लोकांच्या मनातील लाजरस मात्र लूकच्या शुभवर्तमानातील आहे : अंगभर फोड, हाती कुबड्या आणि जखमा चाटणारी कुत्री. त्याच रूपात त्यांना बाबालू आयेही दिसतो. गोणपाटाचे कपडे घातलेली माणसे आम्ही पाहिली. काही जण गुडघ्यांवर, काही जण जमिनीवर सरपटत येत होते. एकाने पायाला दगड बांधून तो ओढत आणला होता. त्याच्या मुलीचे दुखणे बरे झाले होते.

ते दृश्य पाहून आमच्यातील एक जण अस्वस्थ झाला. देवाला माणसाचे असे रक्ताळलेले गुडघे हवेत का? नकोत, असेच आमचे उत्तर आहे. देवाची कृपा दगड ओढून विकत घ्यावी लागत नाही. ती फुकट मिळते. पण त्या बापाची कृतज्ञता खरी होती. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे याच मंदिरात रुग्णांना आणि दुःखितांना भेटले होते. मुलांच्या कपाळावर क्रूसाची खूण करणाऱ्या आयाही त्या गर्दीत होत्या. १९६९ पासून नाताळची सुटी बंद असलेल्या आणि १९९७ मध्ये ती परत मिळालेल्या या देशात, ही वाट कधी ओस पडली नाही.

दुसरा दिवस आगमनकाळाचा तिसरा रविवार, आनंदाचा रविवार होता. मिस्सेचे पहिले वाचन यशयाच्या ६१ व्या अध्यायातील होते : दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना मुक्ती. ते वाचन आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. गुलामांच्या पणतवंडांशेजारी बसून मात्र ते प्रथमच ऐकले.

आपल्या दारी

घरच्यांच्या प्रश्नाकडे आता वळतो. जादूटोण्याच्या देशात आम्ही गेलो नव्हतो. ज्यांची भाषा, नाव, कुटुंब सारे हिरावले गेले त्यांनी जे उरले ते प्राणपणाने कसे जपले, हे पाहायला गेलो होतो. त्यांनी जपलेले सर्व काही आपल्याला स्वीकारता येणार नाही, आणि ते आम्ही स्वीकारलेलेही नाही. परंतु न स्वीकारणे आणि तुच्छ लेखणे यांत मोठे अंतर आहे.

आपलेही पूर्वज पोर्तुगीज अमलाखाली ख्रिस्ती झाले. लग्नातील उंबराचे पाणी, नव्या कणसांचा आशीर्वाद, बोलीभाषेतील गाणी हे सारे त्यांनी जपले. यांतील काय श्रद्धेशी सुसंगत आणि काय नाही, हे ख्रिस्तसभेने हळूहळू, प्रार्थनेतून आणि चर्चेतून पारखले. या प्रथांवरून आपल्यालाही कोणी अर्धवट ख्रिस्ती म्हणून हिणवले आहेच. तेव्हा जे दुखले ते दुसऱ्याला देऊ नये.

आणि तरुणांना एक सांगणे. परक्या श्रद्धेच्या अंगणात बसायचे असेल तर आपली श्रद्धा आधी नीट माहीत हवी. त्या संध्याकाळी नकार कोठे द्यायचा हे आम्हांला कळले, कारण गावच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणीतरी ते रविवारमागून रविवार शिकवले होते. नम्रपणे कसा द्यायचा, हे मात्र आम्ही क्युबात शिकलो.

रेग्लाच्या मंदिरातील ती पांढऱ्या वेशातील तरुणी मिस्सा संपल्यावर माऊलीपुढे बराच वेळ उभी होती. तिने तेथे असावे की नसावे, या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणार नाही. दार उघडे होते आणि ती आत आली होती. सावळ्या माऊलीने तिला आपल्या पुत्राकडे न्यावे, आणि आम्हांलाही, हीच प्रार्थना.